सगळ्या बाळांचं वजन अडीच किलो

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका गटप्रवर्तक ताईंचा, म्हणजे वीस-बावीस आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या बाईंचा, फोन आला. त्यांच्या गटातल्या एका आशाचं नवजात बाळांच्या गृहभेटीचं रजिस्टर तपासताना त्यांना एक गोष्ट खटकली होती. मागच्या दोन महिन्यांत भेट दिलेल्या पाचही बाळांचं वजन अडीच किलो. तिसऱ्या दिवशी अडीच, सातव्या दिवशी अडीच, चौदाव्या दिवशी दोन किलो सहाशे. "पाच घरची पाच बाळं, मॅडम, आणि सगळी एका मापाची?" त्या म्हणाल्या. "ही बाई अकरा वर्षं काम करतेय. हिच्या रजिस्टरवर मी डोळे मिटून सही करायचे."

वरून खुलासा मागणारं पत्र तयार होतं. ते हातात देण्याआधी 'एकदा कोणी बोलून बघा' असं गटप्रवर्तक ताईंना वाटलं, म्हणून माझ्यापर्यंत गोष्ट आली. मी मानसिक आरोग्याच्या कामातली समाजकार्यकर्ती. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत माझं फिरणं असतं. हे प्रकरण त्या आशाच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं नाव, गाव, तालुका दिलेला नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

गाव आणि काम

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या पट्ट्यात. गावठाणात अहिराणी बोलणारी वस्ती, आणि नाला ओलांडला की पावरा आदिवासींचे दोन पाडे. दिवाळी झाली की पाड्यांवरची बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीच्या सुमाराला परत येऊ लागतात. ती आशा याच गावची सून. वय अडतीस, नवरा सालदार, दोन मुलं शाळेत. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिने पाड्यावरच्या बायांबरोबर कापूस वेचण्यात काढली. पावरी बोली ती तिथेच शिकली.

आशा ही योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी तिच्याकडे आल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांच्या हातून जे करून दाखवलं होतं, त्याचंच हे देशभर पसरलेलं रूप. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, म्हणजे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. २०१८ पासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच. एका बाळापायी ती त्या घराचा उंबरठा अकरा-बारा वेळा ओलांडते. एवढ्या वेळा माहेरचं माणूसही येत नाही.

आणि घरात गेलं की फक्त बाळ दिसत नाही. त्या वर्षात एका सात महिन्यांच्या गरोदर बाईच्या नवऱ्याने फवारणीचं औषध घेतलं होतं. पुढचे दोन महिने लोहाच्या गोळ्या द्यायला ती त्याच ओसरीत जात होती, जिथे त्याला आणून ठेवलं होतं. दुसऱ्या एका घरी बाळ पाजताना पदर सरकला आणि सुनेच्या पाठीवरचे वळ दिसले. सुनेने डोळ्यांनीच 'बोलू नको' म्हटलं. नर्सबाई ड्यूटी संपवून तालुक्याला घरी जातात. आशा कुठे जाणार? तिचं घर त्याच गल्लीत. पाणी भरायला तीच सून, रेशनच्या रांगेत तीच विधवा.

ऑगस्टमधली रात्र

पाड्यावर एक मुलगा जन्मला होता, बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवसाच्या भेटी झाल्या, वजन वाढत होतं. एकोणिसाव्या रात्री दोनच्या सुमाराला बापाचा फोन आला. बाळ पीत नाही, अंग गार लागतंय. तिने १०२ ला फोन केला. गाडी आली, पण नाल्याला पूर होता. गाडी अलीकडच्या काठावर, बाळ पलीकडे. ती फोनवर सांगत राहिली, पोटाशी धरा, उघड्या अंगाला अंग लावा, वरून गोधडी घ्या. फोन बापाने बाळाजवळ धरला होता आणि तिला श्वास ऐकू येत होता. पहाटे तो ऐकू येईनासा झाला. पाणी उतरल्यावर सकाळी सातला ती पोचली.

इथपर्यंतची गोष्ट गटप्रवर्तक ताईंना माहीत होती. त्यांनी त्या वेळी तिला दोन दिवस घरी राहायलाही सांगितलं होतं. पुढचं मात्र कोणी 'त्रास' म्हणून मोजलंच नव्हतं.

बालमृत्यू झाला की त्याचं अन्वेषण होतं, म्हणजे घरच्यांशी बोलून कारण शोधायचं. ते आवश्यकच आहे, त्याशिवाय पुढचं बाळ कसं वाचणार? काही दिवसांनी पथक आलं. आईला मराठी येत नव्हतं आणि पथकातल्या कोणाला पावरी येत नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून आशा बसली. पथक विचारायचं, ती ते पावरीत विचारायची. आई सांगायची, ती ते मराठीत सांगायची. आणि दुभाष्या जसा बोलतो तशी ती 'मी' म्हणून बोलत होती. "मी बाळाला छातीशी धरलं. माझं दूध त्याच्या ओठावरून गळून गेलं. मला वाटलं झोपलं." पाऊण तास.

मध्येच पथकाने विचारलं, "आधी का निघाला नाहीत?" तेही तिलाच विचारावं लागलं, त्या बाईकडे बघून, तिच्याच बोलीत. मला हे सांगताना ती थांबली. बोटाने जमिनीवरची एक रेघ पुन्हा पुन्हा गिरवत राहिली, मग म्हणाली, "प्रश्न त्यांचा होता. पण तिच्या कानात माझा आवाज गेला ना, ताई."

घटनेपेक्षा ही पाऊण तासाची बैठक तिच्यात जास्त खोल रुतली, असं माझं मत आहे. त्या रात्री ती काहीतरी करत होती, फोन लावत होती, सांगत होती. पथकासमोर तिच्या हातात काहीच नव्हतं. दुसऱ्या बाईचं दुःख तिच्या तोंडून, प्रथमपुरुषी एकवचनात बाहेर पडत होतं.

मी पहिल्यांदा भेटले तेव्हा

ती चहा करायला उठली तेव्हा शेजारी मोबाइल वाजला आणि तिच्या हातून साखरेचा डबा पडला. रात्रीचा फोन ती आता नवऱ्याला उचलायला लावत होती. "माले झोप नई येस, ताई," ती अहिराणीत म्हणाली. "डोया लागना का रडाना आवाज येस." डोळा लागला की रडण्याचा आवाज येतो. स्वतःच्या धाकट्या मुलाला ती रात्री तीन-चारदा उठून हात लावून बघत होती, गार तर नाही ना. मुलगा नऊ वर्षांचा. नालाच नको म्हणून पाड्यावरच्या भेटी ती फोनवर उरकत होती.

आणि वजनाचं काय? तिने कोपऱ्यातली पिशवी दाखवली. आत काटा होता आणि त्याला अडकवायची झोळी, घडी घालून, कोरी वाटावी इतकी स्वच्छ. त्याच झोळीत तिने त्या बाळाचं वजन केलं होतं. तीनदा धुतली, म्हणाली. तरीही दुसरं बाळ त्यात ठेवायला हात उचलत नव्हता. मग अंदाजाने लिहिलं. अडीच किलोच्या आत लिहिलं असतं तर कमी वजनाचं बाळ म्हणून जास्त भेटी लागल्या असत्या, म्हणून अडीच.

रजिस्टरमध्ये जो कामचुकारपणा दिसत होता, तो खरं तर टाळणं होतं, आणि टाळणं हे या दुखण्याचं एक मुख्य लक्षण आहे. चार्ल्स फिगली यांनी १९९५ च्या सुमारास 'दुय्यम आघाताचा ताण' ही कल्पना मांडली. ज्याच्यावर आघात झाला त्याला मदत करताना, किंवा मदत करायची तळमळ असताना, मदत करणाऱ्यालाच आघातासारखी लक्षणं होतात. ब्रायन ब्राइड यांनी २००४ मध्ये त्यासाठी सतरा प्रश्नांची मोजपट्टी दिली. मागच्या सात दिवसांत काय झालं ते विचारायचं, तीन अंगांनी: नको ते डोळ्यांसमोर येणं, टाळणं, आणि सतत दचकलेलं राहणं. मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने २०१३ च्या आवृत्तीत, कामामुळे अशा घटनांचे तपशील वारंवार समोर येणं हेही आघाताचं कारण म्हणून धरलं. मी ते प्रश्न निदान करायला वापरले नाहीत. आवरताना, भाजी निवडताना एकेक विचारला. तिन्ही अंगं भरलेली होती.

कामाने थकून जाणं वेगळं. ते हळूहळू चढतं, सुट्टी, मोबदला, माणसं वाढवून उतरतं. आशांच्या वाट्याला तेही भरपूर आहे. इथे मात्र विशिष्ट घर, विशिष्ट वस्तू, विशिष्ट आवाज होता. नुसती दोन दिवसांची विश्रांती देऊन झोळी पुन्हा हातात घेता येत नाही.

तिसऱ्या भेटीत तिने एक गोष्ट सांगितली, ती मी आजवर कोणत्या प्रशिक्षणात ऐकलेली नाही. गृहभेटींचे अडीचशे रुपये मिळायला मूळ सूचनांप्रमाणे बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघं सुखरूप असावे लागतात. त्या सकाळी नाल्याच्या काठावर उभी असताना एका क्षणी तिच्या मनात आलं, या बाळाचे पैसे आता मिळणार नाहीत. एवढंच, एक क्षण. पण त्या विचाराची तिला इतकी लाज वाटत होती की अडीच महिने ती देवघरात दिवा लावत नव्हती. मी तिला सांगितलं की घर चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात हिशेब सतत चालूच असतो, मयताच्या घरीसुद्धा. त्यावर ती बराच वेळ रडली.

माझ्याकडून झालेली चूक

नोव्हेंबरच्या मासिक बैठकीत मी तिला सगळ्यांसमोर हे सांगायला लावलं. बाकीच्या आशांनाही मोकळं होता येईल असं मला वाटलं. बावीस बाया, टीनपत्र्याचा हॉल, दुपारची वेळ. तिने रात्र पहिल्यापासून सांगितली. एक आशा मध्येच उठून बाहेर गेली, तिचं स्वतःचं बाळ काही वर्षांपूर्वी गेलं होतं हे मला नंतर कळलं. दुसरीला घरी गेल्यावर उलट्या झाल्या. आणि जिच्यासाठी हे केलं, तिची झोप पुढचा आठवडाभर पार गेली. एका बैठकीत सगळं वदवून घेण्याने फायदा होत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, हे अभ्यासांतून पुढे आलेलं मी वाचलेलं होतं. तरी माझ्या हातून ते झालं. मी तिची आणि त्या दोघींची घरी जाऊन माफी मागितली. त्यानंतर आम्ही गटात तपशील सांगायचे नाहीत असं ठरवलं. 'मला काय झालं' एवढं बोलायचं, 'तिथे काय झालं' हे एकटीला, ऐकायची तयारी असलेल्या एकाच माणसाजवळ.

काय केलं

सगळ्यात आधी ती पाच बाळं. खुलाशाचं पत्र बाजूला ठेवायला वरिष्ठ तयार झाले, पण त्यांनी विचारलं तेही बरोबरच होतं: वजन झालं नाही त्याचं काय? गटप्रवर्तक ताईंनी दोन दिवसांत पाचही बाळं स्वतः तोलली. चार ठीक होती. पाचवं तिसऱ्या आठवड्यात दोन किलो शंभर ग्रॅम भरलं, ते त्याच दिवशी दवाखान्यात नेलं आणि सुधारलं. हे आम्ही तिच्यापासून लपवलं नाही. तिचं दुखणं खरं, आणि त्यापायी एक बाळ धोक्यात आलं होतं हेही खरं. खोटं वजन लिहिण्यापेक्षा 'आज माझ्याने होत नाही' असं कळवणं चालेल, त्याबद्दल कोणी बोलणार नाही, हा शब्द गटप्रवर्तक ताईंनी तिला दिला आणि पाळला.

तिची तपासणी करून घेतली. हिमोग्लोबिन साडेनऊ. गावभर लोहाच्या गोळ्या वाटणारी बाई स्वतः घेत नव्हती. झोपेसाठी आणि घाबरण्यासाठी डॉक्टरांना भेटवलं. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घातला आणि माझ्यासमोर एकदा लावून मराठीत बोलायलाही लावलं. नंबर लिहून देणं आणि नंबर लावलेला असणं यात फार अंतर आहे.

झोळी तिने परत केली, उपकेंद्रातून दुसरी मिळाली. ही गोष्ट पाच मिनिटांची होती. तीन महिने ती कोणी विचारली नव्हती.

मग जोडीने भेटी. पहिल्या महिन्यात पाड्यावर गटप्रवर्तक ताई सोबत, घराच्या आत. दुसऱ्या महिन्यात ताई ओसरीत थांबायच्या. तिसऱ्या महिन्यात नाल्याच्या काठापर्यंत. परत येताना दोघी नाल्यावरच्या दगडावर दहा मिनिटं बसायच्या आणि गावात शिरण्याआधी जे बोलायचं ते बोलून घ्यायच्या. इथे तिनेच एक गोष्ट सुचवली. "मयतीवरून आलो की अंघोळ करून घरात येतो, लिंबाचा पाला चावतो. भेटीवरून आलं की काय करायचं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तिच्याकडे होतं. अंगणातल्या रांजणापाशी हातपाय धुवायचे, आशाची गुलाबी साडी बदलायची, पिशवी उंबऱ्याबाहेरच्या खुंटीला टांगायची, मग आत. ज्या दिवशी हे चुकतं त्या दिवशी झोप चुकते, असं ती सांगते.

दुभाषीपणाचा मुद्दा मी लावून धरला. ज्या आशाच्या भेटीतलं बाळ गेलं, तिला त्याच घरच्या अन्वेषणात भाषांतराला बसवू नये. दुसऱ्या पाड्यावरची अंगणवाडी मदतनीस किंवा शेजारच्या गावची आशा बोलवावी, आणि तिनेही 'मी' न म्हणता 'आई सांगतेय की' असं म्हणावं. ऐकायला हे व्याकरणाचं वाटतं. बोलून बघा, छातीवर किती फरक पडतो ते कळेल. पथकाने हे मान्य केलं, अजून लेखी झालेलं नाही.

ती आई मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. बाळ गेलं तसा गृहभेटीचा फॉर्म बंद झाला आणि पथक येऊन गेल्यावर कोणी तिच्याकडे गेलंच नाही. डिसेंबरमध्ये आशा स्वतःच म्हणाली, मला तिच्याकडे जायचंय. घरचे ऊसतोडीला गेले होते, ती सासूबरोबर मागे राहिली होती. आम्ही तिघी गेलो. ती बाई म्हणाली, बाळ गेल्यावर आठ दिवस छाती दगडासारखी झाली होती, ताप होता, कोणाला सांगणार? तू तरी येशील असं वाटलं होतं. आशाने ते मला मराठीत सांगितलं, 'ती म्हणते' असं म्हणून. मग पावरीतच तिच्याशी काहीतरी बोलली, ते मात्र मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. निघताना त्या बाईने आमच्या पदरात वालाच्या शेंगा बांधल्या.

मासिक बैठकीत आता शेवटची चाळीस मिनिटं रजिस्टरं बंद असतात. कधी नुसता चहा होतो, कधी एखादी बोलते. गटप्रवर्तक ताईंचं कोण ऐकतं, हा प्रश्न अजून तसाच आहे. वीस-बावीस आशांचं त्या पोटात घेतात आणि वर फक्त आकडे जातात. सध्या त्या पंधरा दिवसांतून एकदा मला फोन करतात. ही व्यवस्था नव्हे, ओळखीवर चाललेलं काम आहे. माझी बदली झाली की ते थांबेल, म्हणून तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे मी तारखेसह वेळ मागितली आहे.

जूनपर्यंत

सात महिन्यांत ती पूर्ववत झाली असं मी म्हणणार नाही. झोप आली, दिवा लागला, वजनं खरी येऊ लागली: दोन किलो दोनशे चाळीस, दोन आठशे साठ, तीन किलो दहा. त्या घरावरून संध्याकाळी एकटी जायला ती अजून टाळते. गटातल्या एका आशाने काम सोडलं. बैठकीतून उठून गेली होती, तीच.

मृग लागायच्या आधीच्या बैठकीत तिने हात वर केला. पावसाच्या चार महिन्यांत रात्रीचा फोन एकटीने उचलायचा नाही, आम्ही दोघी-दोघी पाळीने उचलू, असं तिने मांडलं आणि बायांनी लगेच जोड्या लावल्या. पाड्यावर ऑगस्टमध्ये तिघींच्या तारखा आहेत. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांत बाळंतपणाआधी येऊन राहण्यासाठी 'माहेरघर' असतं, इथून ते लांब पडतं. म्हणून तिघींना तारखेच्या दहा दिवस आधी आणि बाळंतपणानंतरचा महिनाभर नाल्याच्या अलीकडे ठेवायचं ठरलं. दोघींना गावठाणात नातलगांची घरं मिळाली. तिसरीसाठी आशाने स्वतःच्या घराची पडवी झाडून ठेवली आहे. नवऱ्याने तिथे शेडचे पत्रे ठोकले. परवा फोन आला होता, पत्रा एका बाजूने गळतोय, ताडपत्री कुठे मिळेल म्हणून.